शिकारीचा मोसम आणि आपली मर्यादा



गेल्या महिन्यात आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांचा मुलगा कॅनडात नोकरीला आहे. सप्टेंबर लागला की तिथल्या पुष्कळ भागांत रानहंसांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. कारखान्यातल्या सोबत्यांनी त्याला पहिल्याच दिवशी बरोबर येण्याचे आमंत्रण दिले आहे. मुलाने फोनवर विचारले, "अम्मी, जाऊ का?" आणि अम्मीने तोच प्रश्न आम्हाला विचारला आहे.

हंस गवत-दाणे खाणारा पक्षी आहे. तो हलाल आहे आणि शिकारही जायज आहे. तेव्हा 'हो' लिहून मोकळे होता आले असते. परंतु या निमित्ताने आम्ही देशोदेशींच्या शिकारीच्या तारखा पाहू लागलो, आणि त्यांत आपण विचार करावा असे बरेच काही सापडले.

आइसलँडमध्ये हा मोसम २० ऑगस्टला सुरू होतो. ब्रिटनमध्ये तो १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ जानेवारीला संपतो. समुद्राच्या भरतीरेषेखालच्या किनाऱ्यावर मात्र २० फेब्रुवारीपर्यंत मुभा असते. तिथेही प्रत्येक हंस मारता येत नाही, काही जातींना पूर्ण संरक्षण आहे. अमेरिका आणि कॅनडा यांचा नियम एका जुन्या करारातून आला. १९१६ साली अमेरिकेने ब्रिटनशी कॅनडाच्या वतीने करार केला आणि १० मार्च ते १ सप्टेंबर या काळात स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांची शिकार बंद ठेवण्याचे ठरले. मोसम साडेतीन महिन्यांहून मोठा नसावा, हेही त्यात आले. त्याआधी बाजारात विकण्यासाठी पक्ष्यांची बेसुमार कत्तल होत असे. एके काळी अमेरिकेचे आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबूतर याच हव्यासापायी संपले. त्या जातीतले शेवटचे कबूतर १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले.

उन्हाळ्यातच बंदी का? हंस तेव्हा उत्तरेत अंडी घालतात, पिल्ले वाढवतात. त्याच दिवसांत त्यांची उडण्याची पिसे एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. हंसाची जोडी बहुधा जन्मभराची असते. पिल्ले पहिला हिवाळा आईबापांबरोबरच काढतात आणि दक्षिणेचा रस्ताही त्यांच्याकडूनच शिकतात. म्हणजे आकाशात जो थवा दिसतो, तो पुष्कळ कुटुंबांचा काफिला असतो.

शिकारीला काळाची आणि जागेची मर्यादा असावी, ही गोष्ट मुसलमानाला नवी नाही. इहराम बांधलेल्या माणसाला जमिनीवरची शिकार मना आहे. सूरह माइदामध्ये हा हुकूम आला आहे. शिकार हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात येईल आणि त्यातून तुमची परीक्षा होईल, असा इशाराही तिथे आहे. मक्केच्या हरमच्या हद्दीत तर शिकारीच्या जनावराला हुसकावून लावायचीही परवानगी नाही. भूक लागलेली आहे, शिकार समोर आहे, हातात हत्यार आहे, तरीही हात आवरायचा. मोसमाच्या तारखा माणसांनी ठरवल्या, इहरामचा हुकूम अल्लाहचा आहे. दोन्हींची बरोबरी आम्ही करत नाही. पण ज्याला हा हुकूम ठाऊक आहे, त्याने परक्या देशाचा मोसमाचा कायदा इतरांहून अधिक मनापासून पाळायला हवा.

आता मोसम उघडल्यावर काय होते ते पाहू. बंदुकीच्या एका काडतुसात पुष्कळ छर्रे असतात. नेम थोडा चुकला किंवा पक्षी लांब असला, तर तो पडत नाही. छर्रे अंगात घेऊन उडून जातो. डेन्मार्कमध्ये १९९० च्या दशकात अभ्यासकांनी गुलाबी पायांचे हंस पकडून त्यांचे एक्स-रे काढले. मोठ्या पक्ष्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पक्ष्यांच्या अंगात छर्रे निघाले. हे पाहून तिथल्या शिकाऱ्यांमध्ये मोहीम सुरू झाली, लांबून गोळी झाडू नका असे शिकवले गेले, आणि पुढे जखमी पक्ष्यांचे प्रमाण कमी झाले. शिशाच्या छऱ्यांचीही अशीच कथा. चिखलात पडलेले छर्रे पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे वापरायला १९९१ पासून देशभर बंदी घातली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण बनवायला मनाई केली आहे. जबह करतानाही सुरीला धार लावा, जनावराला आराम द्या, अशी त्यांची शिकवण आहे. अंगात छर्रे घेऊन महिनोन्महिने जगणारा पक्षी त्या शिकवणीत कुठे बसतो, याचा विचार प्रत्येक शिकाऱ्याने करावा.

कॅनडातच जेम्स उपसागराच्या काठी क्री आदिवासी राहतात. वसंत ऋतूत हंस परतू लागले की त्यांच्या वस्त्यांतल्या शाळांना सुटी मिळते आणि घरेच्या घरे रानातल्या तळांवर जातात. आजोबा नातवाला शिकार शिकवतात, आजी हंस सोलायला आणि भाजायला शिकवते, मांस वाटून खाल्ले जाते. १९१६ च्या करारात वसंतातली शिकार बंद झाली तेव्हा या लोकांच्या चुलीचा विचार कोणी केला नव्हता. ती चूक सुधारण्यासाठी १९९५ साली करारात दुरुस्ती करण्यात आली. जो पोटासाठी मारतो त्याची गोष्ट वेगळी, हे कायद्यालाही शेवटी मान्य करावे लागले.

तेव्हा भगिनी, मुलाला आमचा निरोप असा द्या. परवाना घेतल्याशिवाय आणि दिवसाला किती पक्षी मारता येतात हे माहीत करून घेतल्याशिवाय जाऊ नये. बंदूक नीट शिकल्याशिवाय हात लावू नये. गोळी झाडताना बिस्मिल्लाह म्हणावे, आणि पक्षी जिवंत हाती लागला तर ताबडतोब जबह करावा. छऱ्यानेच मेलेला पक्षी हलाल की नाही, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. शाफई आणि हनफी मसलकांतले अनेक उलमा त्याला हलाल मानत नाहीत, कारण छर्रा धारेने कापत नाही, जोराने फोडतो. आजचे काही उलमा परवानगी देतात. मुलाने तिथल्या मशिदीच्या इमामांना आधीच विचारावे, पक्षी पडल्यावर नव्हे. आणि खायचे नसेल, केवळ फोटो काढून पाठवायचा असेल, तर बंदुकीशिवाय जावे. पहाटेच्या थंडीत थवा डोक्यावरून जाताना पाहायला परवाना लागत नाही.

आपल्याकडे रानहंसाचा मोसम उघडतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची शिकार गुन्हा आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात जायकवाडी आणि नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर उतरतो. या हिवाळ्यात मुलांना तिकडे घेऊन जा. हा पाहुणा किती लांबून आला आहे ते त्यांना सांगा, आणि ज्याने त्याला वाट दाखवली त्याचे नाव त्यांनाच विचारा.