प्लग महागाचा की मापाचा?

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी, निदान शेजारी तरी, एखादी जुनी स्कूटर असेल. बजाज कंपनीची 'चेतक' १९७२ साली रस्त्यावर आली आणि पुढे कित्येक वर्षे मध्यमवर्गीय कुटुंबाचे वाहन म्हणजे चेतक असे समीकरणच होऊन बसले. २०२० पासून त्याच नावाची जी स्कूटर मिळते ती विजेवर चालते. तिला प्लगच नसतो. पण जुन्या स्कूटरी अजूनही धावत आहेत. त्यांच्यावरून कोणी दूध घालतो, कोणी भाजी नेतो. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर त्या माणसाची दिवसाची कमाई बुडते. अशा वेळी पहिला संशय प्लगवर जातो आणि दुकानाच्या फळीशी प्रश्न उभा राहतो : कोणता प्लग घ्यावा?

दुकानदार दोन-तीन खोकी पुढे ठेवतो. एक साधा निकेलचा, एक प्लॅटिनमचा, एक इरिडियमचा. "गाडी जुनी आहे, जरा जोरदार प्लग टाका," असा सल्लाही मिळतो. माझे मत याच्या उलट आहे. जुन्या एंजिनाला जोरदार प्लग लागत नाही, जुळणारा प्लग लागतो. तो कसा ओळखावा हे ठरवण्यास शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान पुरेसे आहे. म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडत आहे.

प्रथम प्लग काय करतो ते पाहू. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते, आणि प्लगच्या दोन टोकांमधील फटीत ठिणगी पडून ते पेटते. फ्रान्समध्ये लेन्वार यांनी १८६० साली आपले वायूवर चालणारे एंजिन विजेच्या ठिणगीनेच पेटवले होते. बॉश कंपनीतील गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला, तेव्हापासून ही पद्धत मोटारींत रुळली. टू-स्ट्रोक एंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. एंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे ६७ ठिणग्या झाल्या! एवढे काम तो चिमुकला प्लग बिनबोभाट करतो.

आता फटीकडे वळू. अशा स्कूटरींत ती सुमारे ०.६ मिलिमीटर असते. मोकळ्या हवेत एवढी फट ओलांडण्यास विजेला दोन-तीन हजार व्होल्टचा दाब पुरतो. पण सिलिंडरमधले मिश्रण दाबलेले असते, त्याची घनता कित्येक पट वाढलेली असते. ठिणगीसाठी लागणारा विद्युत्‌दाब वायूचा दाब आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ पाशेन यांनी १८८९ साली दाखवून दिले. म्हणजे सिलिंडरच्या आत तीच फट ओलांडण्यास कित्येक पट अधिक दाब हवा. यातून एक व्यवहारातली गोष्ट कळते. प्लग बाहेर काढून, किक मारून, "बघा, ठिणगी पडते आहे, प्लग चांगला आहे," असे म्हणतात. ती परीक्षा अपुरी आहे. बाहेर ठिणगी देणारा प्लग आत मुका राहू शकतो. शिवाय पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पाडणे धोक्याचे आहे; तुम्ही तो प्रयोग मुळीच करू नये.

वापराने टोके झिजतात, फट रुंदावते आणि लागणारा दाब आणखी वाढतो. जुन्या मॅग्नेटोला तो पेलवत नाही. म्हणून नव्या मोटारीतली एक मिलिमीटरची फट जुन्या स्कूटरला 'मोठी ठिणगी मिळेल' म्हणून ठेवणे हे उफराटे शहाणपण होय.

परंतु खरी गोम आहे ती उष्णतेत. प्लगच्या मधल्या अग्राभोवती पांढरा, चिनी मातीसारखा दिसणारा निरोधक असतो. त्याचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापले तर त्यावर बसणारी काजळी जळून जाते. प्लग स्वतःच स्वतःला साफ करतो. पण ते ८५० अंशांच्या पुढे गेले तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण त्या तापलेल्या टोकानेच पेटते. या दोन हद्दींच्या मध्ये प्लगला राहावे लागते.

हे साधतात कसे? लोखंडी सळईचे एक टोक भट्टीत आणि दुसरे पाण्यात आहे अशी कल्पना करा. सळई आखूड असेल तर उष्णता झटकन पाण्यात जाईल आणि भट्टीतले टोक फारसे तापणार नाही. सळई लांब असेल तर तेच टोक लाल होईल. प्लगमध्येही तसेच आहे. निरोधकाचे नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेरच्या धातूपर्यंत लांबचा रस्ता पडतो. तो 'हॉट' प्लग. नाक आखूड असेल तर तो 'कोल्ड' प्लग. हॉट प्लगची ठिणगी अधिक गरम असते, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. फरक ठिणगीत नाही, उष्णतेच्या वाटेत आहे.

ही गोष्ट प्लगवरील आकड्याने दर्शवतात, आणि येथेच गिऱ्हाईक फसते. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग कोल्ड. चॅम्पियनच्या प्लगवर नेमके उलटे. बॉशच्या जुन्या पद्धतीत डब्ल्यू १७५ पेक्षा डब्ल्यू २२५ हा कोल्ड. नव्या पद्धतीत त्याच दर्जांना डब्ल्यू ७ आणि डब्ल्यू ५ म्हणतात, म्हणजे आता लहान आकडा कोल्ड झाला! आपल्याकडे 'मायको' नावाने जे प्लग घरोघर माहीत होते ते याच पद्धतीचे. त्या कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले. म्हणून "सात नंबरचा द्या" एवढे म्हणणे पुरेसे नाही. सात कोणाच्या मोजपट्टीवरचा, हे विचारले पाहिजे. एकक न लिहिलेल्या उत्तराला आम्ही परीक्षेत गुण का देत नाही, ते आता ध्यानात आले असेल.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अनुभवी मेकॅनिक झिजलेल्या एंजिनाला मुद्दाम एक पायरी हॉट प्लग बसवतात. जुने एंजिन तेल जाळते, टोक तेलकट होते. अधिक तापणारा प्लग ते जाळून टाकतो आणि गाडी चालू राहते. गावातल्या गावात, सावकाश चालणाऱ्या गाडीला हा तात्पुरता उपाय लागू पडतो, हे मी नाकारत नाही. पण तीच गाडी दोन माणसे आणि सामान घेऊन उन्हाळ्यात खंबाटकीचा घाट चढू लागली तर? टू-स्ट्रोक एंजिनात दर फेऱ्याला ज्वलन होते, त्याला उसंत नसते. टोक हद्दीपलीकडे तापते, मिश्रण अकाली पेटते आणि दट्ट्याच्या माथ्याला भोक पडण्याची वेळ येते. प्लगमध्ये वाचवलेला त्रास एंजिनाच्या दुरुस्तीत शतपटीने भरून द्यावा लागतो. झिज कड्यांची असेल तर कड्याच बदलल्या पाहिजेत. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असे चालणार नाही.

मग महाग प्लग सगळे निरुपयोगी का? तसेही नाही. निकेल सुमारे १४५५ अंशांवर वितळते, प्लॅटिनम १७६८ अंशांवर, तर इरिडियम २४४६ अंशांवर. त्यामुळे इरिडियमचे टोक अगदी बारीक ठेवता येते. तडितरक्षकाचे टोक अणकुचीदार का असते हे तुम्ही शिकला आहात. त्याच कारणाने येथेही कमी दाबात ठिणगी पडते. असा प्लग झिजतोही फार सावकाश. ज्या मोटारीत प्लगपर्यंत हात पोचवणेच कठीण, तेथे हा गुण अमोल आहे. परंतु पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या जुन्या स्कूटरचा प्लग झिजून जाण्याआधी बहुधा काजळी आणि तेल यांनी निकामी होतो. मग दीर्घायुष्याचे पैसे कशासाठी मोजायचे?

आणखी एक मुद्दा आजच्या काळाचा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक किलोग्रॅम पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलोग्रॅम पुरते. जुना कार्बुरेटर मात्र पूर्वीच्याच प्रमाणात हवा देतो. म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी पडते. नव्या गाड्यांत ही चूक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सुधारते. जुन्या गाडीत ती कोणी सांगायची?

ती सांगतो जुना प्लग! टाकून देण्यापूर्वी त्याचे टोक पाहा. फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. पांढरे फटक किंवा फोड आलेले असेल तर एंजिन फार तापते आहे. मिश्रणात इंधन कमी पडत असेल, किंवा प्लगच प्रमाणाबाहेर हॉट असेल. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा हवेची गाळणी तुंबलेली. ओले, तेलकट काळे म्हणजे तेल जास्त. प्लग हा एंजिनाच्या पोटात राहून आलेला साक्षीदार आहे. त्याची साक्ष न घेता नवा प्लग बसवणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच दर्जा घ्या. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर तिच्या तक्त्यात त्याच दर्जाचा क्रमांक शोधा. आट्यांची लांबी जुन्या प्लगशी ताडून पाहा. १४ मिलिमीटर व्यासाच्याच प्लगांत १२.७ आणि १९ मिलिमीटर अशा दोन लांब्या मिळतात. आखूड भोकात लांब प्लग बसवला तर तो दट्ट्यावर आदळू शकतो. फट फीलर गेजने मोजा. प्लग थंड एंजिनातच, घरातल्या मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि आधी हाताने आटे धरून बसवा.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. जवळच्या गॅरेजमधून टाकाऊ प्लग मागून आणा. ते फुकट मिळतात. मुलांना भिंगातून त्यांची टोके पाहू द्या, नाकाची लांबी मोजू द्या आणि प्रत्येक प्लग कोणत्या एंजिनातून, कशा अवस्थेत आला असेल, याचा तर्क लिहू द्या. नंतर त्याच मेकॅनिकला वर्गात बोलवून ते तर्क त्याच्यापुढे ठेवा. त्याचे हात जे जाणतात त्याची कारणे मुलांना उमगतील, आणि मुलांच्या पुस्तकात जे लिहिले आहे त्याचा उपयोग त्यालाही दिसेल.