बर्फातली धूळ आणि वाऱ्याचा पत्ता

उष्णतेच्या लाटेवरची कुठलीही रील उघडा आणि खालच्या कमेंट्स वाचा. एक कमेंट ठरलेली असतेच: 'हवामान कायमच बदलत आलंय. हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा काय गाड्या होत्या का?' गंमत म्हणजे हा माणूस खोटं बोलत नाहीये. हिमयुगं खरंच आली आणि गेली. पण त्यांचा एवढा तपशील कळला, तो मुख्यतः ध्रुवांवरच्या बर्फातून. आणि त्याच बर्फात पुढे जे लिहिलंय ते वाचलं, की निर्धास्त वाटण्याऐवजी धाकधूकच वाढते.

हा बर्फ जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बातम्यांत आला. अंटार्क्टिकातल्या लिटल डोम सी इथे 'बियाँड एपिका' या युरोपीय प्रकल्पाच्या टीमने २८०० मीटर खोल ड्रिलिंग करून थेट तळाचा खडक गाठला. तुकड्या-तुकड्यांनी वर काढलेल्या बर्फाच्या या लांबलचक दांड्याला आइस कोअर म्हणतात. यात किमान १२ लाख वर्षांचा बर्फ सलग आहे. याआधीचा सलग कोअर ८ लाख वर्षांचा होता. तळाकडे बर्फ इतका दाबला गेलाय, की एका मीटरमध्ये १३ हजार वर्षांपर्यंतचा काळ मावतो. म्हणजे माणसाची शेती, शहरं, राज्यं, लढाया, सगळं मीटरभरात! २०२५ मध्येच केंब्रिजला या तुकड्यांचा सर्वात जुना भाग हळूहळू वितळवून तपासायला सुरुवात झाली.

बर्फातले हवेचे बुडबुडे बहुतेकांना माहीत असतात. त्यात त्या काळची हवा जशीच्या तशी अडकलेली असते. त्या ८ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख रेणूंमागे साधारण १७० ते ३०० याच पट्ट्यात खालीवर होत राहिला. आज तो ४२० च्या वर आहे. कमेंटवाल्याला उत्तर म्हणून एवढंही पुरे.

पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटते ती धूळ. जानेवारी २०२२ आठवतंय? पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्यातल्या गाड्यांवर पांढरट थर बसला होता. वारा कुठून आला, हे धुळीनेच सांगितलं. बर्फातही तेच. धुळीच्या कणांची रासायनिक ठेवण तपासली, की ती कुठल्या भागातून उडाली ते कळतं. हिमयुगात अंटार्क्टिकावर पडलेली धूळ प्रामुख्याने दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून, पॅटागोनियाच्या बाजूने आली. आणि किती? आजच्यासारख्या उबदार काळापेक्षा सुमारे २५ पट. म्हणजे वारे २५ पट जोरात होते का? तर नाही. तेव्हा जमीन कोरडी होती, हिमनद्यांनी दळलेली माती उघडी पडली होती आणि पाऊस कमी असल्यामुळे हवेतली धूळ लवकर धुतली जात नव्हती. वारा हा त्यातला एक भाग. एका आकड्यावरून घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांनी (यात आम्ही पत्रकारही आलो) हे ध्यानात ठेवलेलं बरं.

ग्रीनलँडच्या बर्फातली धूळ मात्र पूर्व आशियाच्या वाळवंटांतून येते. खरा धक्का तिथेच आहे. नॉर्थग्रिप या कोअरचं अगदी बारीक थरांचं वाचन २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालं. शेवटचं हिमयुग संपताना, म्हणजे १४,७०० आणि ११,७०० वर्षांपूर्वी, ग्रीनलँड दोनदा झपाट्याने तापलं. पाण्याच्या रेणूंमधल्या जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजनच्या प्रमाणांवरून बर्फाचं बाष्प कुठल्या समुद्रावरून उठलं याचा अंदाज येतो. तो माग एक ते तीन वर्षांत बदलला! वर्षांत, शतकांत नाही. वाऱ्यांची अख्खी मांडणी एका डिग्री कोर्सपेक्षा कमी वेळात फिरली. आणि त्याच्याही आधी धूळ कमी व्हायला लागली होती. अभ्यासकांचा अंदाज असा, की आशियातला पाऊस आधी सरकला, वाळवंटी पट्टा ओला झाला आणि मग उत्तरेकडे उलथापालथ झाली.

इथे आपला मान्सून येतो. अरबी समुद्राच्या तळाच्या गाळातही हीच लय सापडते. हिमयुगात ग्रीनलँड अचानक तापलं, की इथला उन्हाळी मान्सून जोर धरायचा. तिकडे थंडी पडली, की इकडे तो मंदावायचा. म्हणून उद्या आपलाही पाऊस तीन वर्षांत पळून जाईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते झटके उत्तर अमेरिकेवर आणि युरोपवर प्रचंड बर्फ असतानाचे आहेत, आजची परिस्थिती वेगळी आहे. पण 'बदल होईल तो हळूहळू, तोपर्यंत जमवून घेऊ' या हिशेबाला मात्र बर्फात आधार नाही. आपली धरणं, पीकविमा, पेरणीची वेळापत्रकं, सगळी याच हिशेबावर उभी आहेत.

हे वाचन करायला केंब्रिजच गाठावं लागतं असंही नाही. गोव्यात वास्कोच्या हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथले संशोधक पूर्व अंटार्क्टिकातून आणलेल्या कोअरमधून गेल्या काही शतकांचं हवामान वाचतात, त्यात एल निनोचा माग शोधतात. बाहेर गोव्याचा मे महिना, घामाच्या धारा. आणि आत उणे २० अंशांच्या खोलीत जाड जाकीट घालून बर्फ कापायचा.