आधी जागेचं बोला!



चांडाळानं गावाबाहेर राहावं असा हुकूम मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ते पुस्तक जाळलं. पुस्तकाची राख झाली, नकाशा मात्र शाबूत राहिला. तो आज नगररचनेच्या कपाटात आहे, बिल्डरच्या टेबलावर आहे. आणि आधी आडनाव विचारून मग "खोली कालच दिली की ओ" म्हणणाऱ्या घरमालकाच्या टाळक्यात आहे.

सोलापूरला घरटंचाई नवी नाही. १८७७ ला जुनी मिल सुरू झाली. भोंगा वाजला आणि दुष्काळानं पिचलेली माणसं शहरात आली. मालकाला हात पाहिजे होते. हातामागं माणूस असतो, त्याला पाठ टेकायला जागा लागते, हा हिशोब त्याच्या वहीत नव्हता. ज्यांना सरकारनं जागा दिली ती कशी दिली? तारेच्या कुंपणात! गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच चोर ठरवलेल्यांना ह्याच शहरात सेटलमेंटमध्ये कोंडलं. हजेरी द्या, पास घ्या, गिरणीत राबा. १९५२ ला तो कायदा गेला. गिरण्याही बंद पडल्या. वस्त्या उरल्या.

आता म्हणतात, योजना आहेत की! आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास आहे. शहरात अडीच लाख, घर २६९ चौरस फुटांचं. पण अट काय? जागा तुमच्या नावावर पाहिजे. अरे, जागा असती तर झोपडपट्टीत कशाला कुजलो असतो? ज्याच्या पायाखाली जमीन नाही त्याला छप्पर देतो म्हणायचं, ही शुद्ध थट्टा आहे. रमाईनं शेणी थापून संसार ओढला. तिच्या नावानं तरी फसवू नका!

म्हणून सांगतो, घराचं नंतर, आधी जागेचं बोला. दादासाहेब गायकवाडांनी हे ओळखलं होतं. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली. ती भाकरीच्या जमिनीसाठी गेली. आज निवाऱ्याच्या जमिनीसाठी कोण जातो?

ह्या सोलापुरात गेलं कोण ते बघा. विडी वळणाऱ्या बाया! अक्कलकोट रोडला कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरांची. २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. मग रे नगर, तीस हजार घरांचं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, ड्रायव्हर. १९ जानेवारी २०२४ ला नरेंद्र मोदी पहिल्या पंधरा हजार घरांसाठी आले. दिल्लीत सरकार बदललं, झेंडा बदलला, बायांची मागणी बदलली नाही. नरसय्या आडम मास्तरांबरोबर त्या वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिल्या. सोसायटी केली, स्वतःचा हिस्सा भरला. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, हे घरामागं ओढून आणले. कुणी भीक घातली नाही.

"ते लाल बावट्याचं, आपलं काय त्यात?" असं आपले काही पुढारी म्हणतात. असल्यांना विचारा, तुमच्या निळ्या झेंड्याखाली किती घरं उभी राहिली? आकडा सांगा! दर निवडणुकीला गट फुटतो, जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि त्या भिंतीमागं आमची आई पत्र्याखाली भाजते.

मात्र डोळे झाकून नक्कलही नको. कुंभारी शहराबाहेर आहे. काम शहरात, घर माळावर, मधे बसचं भाडं. गरिबाला घर दिलं की गावकुसाबाहेरच द्यायचं, हा मनूचाच नकाशा. आपली मागणी साफ असली पाहिजे: जिथं राहतो तिथंच पट्टा, तिथंच घर. हलवायचंच असेल तर आधी बस, पाणी, शाळा, दवाखाना दाखवा, मग चावी. आणि वस्ती एका जातीची नको. जातीची कॉलनी म्हणजे पक्क्या विटांचा महारवाडाच.

बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेचं पहिलं वसतिगृह ४ जानेवारी १९२५ ला ह्याच सोलापुरात काढलं. सभा निघून सहा महिने झाले नव्हते. नगरपालिकेकडून महिना ४० रुपये घेतले. आपल्या माणसांची खटपट आणि सरकारकडून हक्काचा पैसा, दोन्ही एकदम! शंभर वर्षं झाली. आपण त्याचे नुसते फोटो लावले.

तर पोरांनो, जयंतीचं पावतीपुस्तक आहेच, त्यानंच सुरुवात करा. डीजेचा पैसा सोसायटीच्या खात्यात टाका. वस्तीतलं घर न् घर मोजा, वीजबिलं, रेशनकार्डं, जुन्या पावत्या गोळा करा. सभासद बाया करा, पट्टा त्यांच्या नावावर मागा, म्हणजे दारूत विकला जाणार नाही. हिशोब दर महिन्याला चौकात वाचा. मग सगळी वस्ती घेऊन महापालिकेवर चला. कागद फेकला तर दारात बसा. उठायचं नाही.

पुस्तक जाळून झालं. आता नकाशा जाळायचा आहे!