इंजिनाचे दात

सिंधुदुर्गात तालुके आठ, आणि त्यांतल्या फक्त तिघांना समुद्र: देवगड, मालवण, वेंगुर्ले. आमची वैभववाडी उरलेल्या पाचांत. करूळ घाटाच्या पायथ्याशी बसून आम्ही समुद्राविषयी बोलतो, आणि तो नसल्यामुळे अंमळ जास्तच अधिकाराने बोलतो. तारकर्ली-देवबागला पर्यटक वाढल्यापासून आमच्याकडचा प्रॉव्हिडंट फंडही किनाऱ्याकडे वाहू लागला आहे. माणूस निवृत्त होतो आणि जुनी बोट घेतो. केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर पर्यटकांना बसवायचे, बोटीने ओढायचे, दोन हंगामांत पैसे वसूल! हिशेबाला माझी हरकत नाही. माझे भांडण आहे ते बोट घेण्याच्या रीतीशी.

हाच माणूस बाजारात बघावा. हापूसचा देठ हुंगेल, नारळ कानाशी नेऊन हलवील, बैल घ्यायचा तर दात मोजील. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी सगळी टोपली पालथी घालील. आणि बोट घेताना पाहतो काय? तर रंग! नाव नव्याने रंगवलेले, सीटला कोरे रेक्झिन, झाले, स्वारी खूश. त्यातून विकणाऱ्याने, "विश्वास नाय काय वो आमच्यार?" असे म्हटले की खिशातला हात नोटांसकटच बाहेर येतो. इंजिन तपासणे म्हणजे समोरच्याच्या खानदानावर संशय घेणे, ही समजूत कोणी पसरवली असेल? माझा संशय विकणाऱ्यांवरच आहे.

अहो, गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवा. कोमट लागले तर तुम्ही यायच्या आधीच त्याला कोणी तरी जागे करून ठेवले आहे. चहा घ्या, गप्पा मारा, निवू द्या. खोड असेल तर थंड इंजिनच सांगते. सुरू झाल्यावर बारीक भोकातून पाण्याची धार सुटली पाहिजे. हे यंत्र बाहेरचे पाणी आत फिरवून स्वतःला थंड ठेवते, धार नसेल तर आतून भाजत असते. खालच्या गिअरचे तेल थेंबभर काढून पाहा. दुधाळ चहासारखे दिसले तर सील गेले, पाणी आत शिरले. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत, एकच मान टाकून बसलेला नको. आणि मेकॅनिक आपला न्यावा. विकणाऱ्याचा मेहुणा मेकॅनिक असतो, हा निसर्गनियम आहे.

खरा घोटाळा पावसाळ्यात. बोट किनाऱ्यावर झापांखाली, भाव उतरलेला, आणि समुद्रात घालायची सोय नाही. मग पिंपात पाणी भरून त्यात इंजिन बुडवतात आणि पाच मिनिटे फुर्र करून दाखवतात. पिंपात कुठलेही इंजिन गाते! पाच धष्टपुष्ट पाहुण्यांसकट केळे ओढताना ते काय करते, हे पिंपाला कसे कळणार? विसार द्यावा, बाकीची रक्कम हंगाम सुरू झाल्यावर, पाण्यात फिरून आल्यावर.

"बंद पडला तर वल्ही आसत मा!" हे वर ऐकावे लागते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला इंजिन गेले म्हणजे वल्ह्यांचा प्रताप कळतो. नदी बाहेर ओढते, लाटा आत ढकलतात, आणि पुण्याहून आलेले पोरगे लाइफजॅकेट घालून खिदळत असते. त्याला वाटते, हेही तिकिटातच आहे. त्याच्या आईला मात्र तसे वाटत नसते.

चाचणीही कुठेही घेऊ नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसे गेली. तेव्हा पाणी मोकळे बघा, बोटीत उगाच माणसे भरू नका, आणि मग पूर्ण वेगाने बराच वेळ पळवा.

विकणारा म्हणेल, उगाच इंधन जळेल. इंधनाचे पैसे तुम्ही द्या. तरीही तो नाही म्हणाला, तर मालवणहून कणकवलीला एसटी मिळते. सरळ घरी या.