चित्र दिसले, आवाजाचे काय?

मागच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी आम्ही शाळेच्या सभागृहात मुलांना आणि पालकांना ‘श्यामची आई’ दाखविला. पडदा मोठा, प्रोजेक्टर चांगला, चित्रही स्वच्छ. आवाज मात्र प्रोजेक्टरच्या पोटातल्या लहानशा स्पीकरमधून येत होता. चौथ्या रांगेपलीकडे ऐकू येत होती ती फक्त पंख्यांची घरघर. दहा मिनिटांत मागच्या मुलांनी आपसात हिंदीत गप्पा सुरू केल्या. चहाच्या वेळी एका विद्यार्थिनीची आजी आम्हांला म्हणाली, “सर, आई दिसली हो छान, पण बोलली काय ते कळलंच नाही.”

हे वाक्य आम्हांला लागले. आचार्य अत्रे यांच्या या १९५३ च्या चित्रपटात आईची भूमिका केली ती वनमालाबाईंनी. त्यांचे ग्वाल्हेरशी नाते जुने, आणि २००७ साली त्यांचे निधनही याच गावी झाले. त्यांचा आवाज ग्वाल्हेरच्याच मराठी शाळेत ऐकू येऊ नये, याला काय म्हणावे!

त्यानंतर सभेत सूचना आली की आता भिंतीएवढा नवा टच पॅनेल घ्यावा. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण आमचे मत वेगळे आहे आणि ते इथे स्पष्ट मांडतो. आमच्या मुलांना चित्रांचा तुटवडा नाही, खिशातल्या फोनवर दिवसभर चित्रेच असतात. तुटवडा आहे तो मराठी कानावर पडण्याचा. घराबाहेर पडले की बाजार, बस, क्रिकेट, सगळे हिंदीत. आम्ही स्वतः पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो. आमचा ‘ळ’ पुस्तकातून आलेला नाही, आजीच्या तोंडून आला. आज पहिलीतली निम्मी मुले ‘शाला’ म्हणतात. ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ लिहायला एकच, बोलायला दोन. ‘जीव’ आणि ‘जाळ’ यांचेही तसेच. हा फरक फळ्यावर लिहून दाखविता येत नाही, तो ऐकावाच लागतो. आणि खराब स्पीकरमध्ये सर्वांत आधी हरवते ती हीच बारीक सळसळ. म्हणून पैसा आणि लक्ष आधी आवाजावर खर्च व्हावे.

सामान आमच्याकडे होतेच. एका माजी विद्यार्थ्याने दिलेला जुना होम थिएटरचा संच, पाच छोटे स्पीकर आणि एक बासचा डबा, कपाटात पडून होता. संगणक कक्षात रास्पबेरी पाय होता. शाळकरी मुलांनी संगणकाशी खटपट करावी म्हणून केंब्रिजच्या मंडळींनी २०१२ साली आणलेला हा पत्त्याच्या कॅटएवढा संगणक. त्यावर चित्रपट उत्तम चालतो. प्रश्न एवढाच की चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे कसा न्यायचा.

एचडीएमआयची एकच तार चित्र आणि आवाज दोन्ही नेते, ही तिची सोय आणि हीच आमची अडचण. ती प्रोजेक्टरला लावली की आवाजही प्रोजेक्टरच्या पोटात जातो आणि तिथेच अडकतो. नवीन ॲम्प्लिफायरला एचडीएमआयची खोबण असते. तार आधी त्यात आणि तिथून पुढे पडद्याकडे नेली की काम झाले. आमचा संच जुना, त्याला मागे लाल-पांढऱ्या पिनांच्या खोबणी तेवढ्या. मग आवाज वेगळा काढला. आमच्या रास्पबेरी पाय ४ ला हेडफोनची ३.५ मिलिमीटरची खोबण आहे. तिथून लाल-पांढऱ्या पिनांची तार ॲम्प्लिफायरला, आणि पडद्यावरच्या स्पीकरच्या खुणेवर उजवी टिचकी मारून आवाजाची वाट बदलली. (२०२३ मध्ये आलेल्या पाय ५ ला ही खोबणच नाही, त्याला यूएसबीचे छोटे साउंड कार्ड लावावे लागते.) पाय ४ ची एचडीएमआय खोबण बारीक, मायक्रो जातीची असते हे न पाहता आम्ही साधी तार आणली आणि त्यात आठवडा घालवला. असो.

तार जोडली आणि स्पीकरमधून भुंग्यासारखी गुणगुण सुरू झाली. प्रोजेक्टर एका भिंतीच्या प्लगवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या, आणि मधल्या तारा दोघांना जोडतात. अर्थिंगमध्ये थोडाही फरक असला की तो कानाला ऐकू येतो. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डवरून चालविली तेव्हा गुणगुण जवळजवळ गेली. एका मिस्त्रीने अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. गुणगुण त्यानेही गेली असती, पण मुलांच्या हाताशी असलेल्या यंत्राची अर्थिंग काढणे हा गुन्हा आहे असे आम्ही मानतो. पालकांनीही घरी कुणाचे असे ऐकू नये.

स्पीकर मांडतानाही थोडे शहाणे व्हावे लागले. चारी बाजूंनी आवाज आला पाहिजे असा होम थिएटर घेणाऱ्या प्रत्येकाचा हट्ट असतो. जुना चित्रपट एकाच ध्वनिमार्गाचा. त्यातली आई मागच्या भिंतीतून बोलू लागली तर मुले मान वळवून भिंतीकडे बघतात. म्हणून मागचे स्पीकर बंद ठेवले, पुढचे दोन पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या मुलांच्या कानाच्या उंचीवर. बासचा डबा खूप कमी केला, शब्द लगेच मोकळे झाले. नव्या चित्रपटांत उलट अडचण येते: त्यांतले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरसाठी असतात, तेव्हा प्लेअरमध्ये ‘स्टीरिओ’ निवडावे, म्हणजे मधला आवाज दोन्हीकडे वाटला जातो. ओठ आणि आवाज मागेपुढे झाले तर व्हीएलसीमध्ये के आणि जे या कळांनी जुळवता येतात. हे आम्हांला आठवीतल्या एका मुलाने दाखविले.

मात्र हा संच सभागृहाचा नाही, खोलीचा आहे. तीनशे माणसांना तो पुरणार नाही, आणि पुरतो असे दाखवायचा अट्टहास करू नये. म्हणून आम्ही सभागृह सोडले आणि वाचनालयाच्या खोलीत सहावीच्या चाळीस मुलांना तोच चित्रपट पुन्हा दाखविला. तारा मुलांनीच जोडल्या, आम्ही फक्त बोर्डाशी उभे होतो. मध्येच शेवटच्या बाकावरून आवाज आला, “सर, थोडा आवाज कमी करा ना!” इतकी वर्षे मुख्याध्यापक आहोत, पण कोणत्याही तक्रारीने इतके बरे वाटल्याचे आठवत नाही.

सातवी आणि आठवीचे शनिवार अजून ठरायचे आहेत. खोली थोडी घुमते, मागच्या भिंतीला जाड पडदे लावावे लागतील. कुणाच्या घरी जुने पडदे पडून असतील तर त्यांनी शाळेच्या कार्यालयात पाठवावेत. रंग कोणताही चालेल.