प्रौढांनी इंग्रजी लिहावयास शिकले पाहिजे

इंग्रजी शिकण्याची ओढ आपल्या समाजात आज सर्वत्र दिसते, आणि ती स्वागतार्हच आहे. आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. इतकेच नव्हे, तर तिशी-चाळिशी ओलांडलेले स्त्रीपुरुषही आता इंग्रजीचे पुस्तक हाती घेऊ लागले आहेत. परंतु त्यांच्यासाठी गावोगावी जे वर्ग निघतात त्यांत बहुधा एकाच गोष्टीवर भर असतो, तो म्हणजे इंग्रजी बोलण्यावर. स्वतःची ओळख कशी करून द्यावी, दुकानात काय विचारावे, मुलाखतीत काय उत्तर द्यावे, ही वाक्ये तेथे पाठ करून घेतली जातात. लेखनाची कोणी फारशी वास्तपुस्त करीत नाही. हा क्रम उलटा आहे व तो बदलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रौढ माणसाला इंग्रजी शिकवावयाचे असेल तर त्याला प्रथम लिहावयास शिकविले पाहिजे.

साक्षर कोणाला म्हणावे, याची व्याख्या आपल्या जनगणनेने ठरविलेली आहे. सात वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या ज्या व्यक्तीला कोणतीही एक भाषा समजून वाचता व लिहिता येते, ती साक्षर होय. ज्याला केवळ वाचता येते, लिहिता येत नाही, त्याची गणना साक्षरांत होत नाही. हीच कसोटी इंग्रजीला लावून पाहा. ज्याला इंग्रजीत चार वाक्ये बोलता येतात, परंतु इंग्रजीत आलेल्या एका पत्राला चार ओळींचे उत्तर लिहिता येत नाही, तो त्या भाषेपुरता निरक्षरच राहिला. त्याने वर्गाची फी भरली आणि वेळही दिला, तरी ज्या ठिकाणी त्याला इंग्रजीची खरी गरज पडते, त्या ठिकाणी तो पूर्वीइतकाच परावलंबी आहे.

ही गरज नेमकी कोठे पडते, याचा विचार करा. माढ्याच्या बाजारात किंवा तहसील कचेरीत कोणाला इंग्रजी बोलावे लागत नाही. तेथील साहेबही मराठीच बोलतात. आपल्या माणसाला इंग्रजी भेटते ते कागदावर. बँकेची नोटीस, विम्याच्या अटी, टेंभुर्णीच्या कारखान्यातील नेमणुकीचे पत्र, उच्च न्यायालयाचा निकाल, या सर्वांतून ती भाषा त्याच्या घरात येते. कुर्डुवाडी हे तर आपल्या तालुक्यातील रेल्वेचे मोठे जंक्शन. रेल्वे ही केंद्र सरकारची असल्यामुळे तिचे कागद इंग्रजीत किंवा हिंदीत निघतात. १९६८ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे रेल्वे कर्मचाऱ्यास मोठ्या शिक्षेच्या कारवाईत दोषारोपपत्र मिळाले, म्हणजे सामान्यतः दहा दिवसांत त्याला आपल्या बचावाचे लेखी निवेदन द्यावे लागते. घर तारण ठेवून काढलेले कर्ज थकले आणि बँकेने २००२ च्या कायद्याखाली नोटीस दिली, तर ६० दिवसांची मुदत असते. कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर ती का मान्य नाही हे बँकेला १५ दिवसांत कळवावे लागते. म्हणजे कायद्याने उत्तराचा हक्क दिलेला आहे. परंतु ते उत्तर लेखी असावे लागते. तोंडी सांगितलेले गाऱ्हाणे फाईलला लागत नाही.

वकिलीच्या व्यवसायात मला नित्य एक गोष्ट दिसते. पक्षकार माझ्याकडे येतो तेव्हा मुदत बहुधा संपलेली असते. मधल्या काळात तो कागद घेऊन कोणा ओळखीच्या माणसाकडे गेलेला असतो. त्या माणसाने अर्धवट वाचून "काही विशेष नाही" म्हणून सांगितलेले असते, किंवा पैसे घेऊन एक ठराविक मजकुराचा अर्ज लिहून दिलेला असतो. त्या अर्जावर सही पक्षकाराची, पण आत काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसते. कायदा मात्र सामान्यतः असेच धरून चालतो की, ज्याने सही केली त्याने मजकूर वाचला व तो त्याला मान्य आहे. अंगठ्याच्या जागी सही आली ही प्रगती खरी. परंतु न समजलेल्या मजकुराखाली केलेली सही ही अंगठ्याहून अधिक सुरक्षित नव्हे.

येथे कोणी असा गैरसमज करून घेऊ नये की, मी मराठीचा कमीपणा सांगत आहे. उलट, प्रत्येक प्रौढ विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी हे सांगितले पाहिजे की, आपले गाऱ्हाणे मराठीत मांडण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा अधिकार दिला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालील अर्ज मराठीत करता येतो. इतकेच काय, ज्याला लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लेखी उतरविण्यास साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तेव्हा "इंग्रजीत लिहून आणा" असे सांगून जो अधिकारी अर्जदाराला परत पाठवितो, तो कायद्याविरुद्ध वागतो. परंतु त्याच संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाने, संसद अन्यथा ठरवीपर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचे व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत ठेवले आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला आले. त्यामुळे मुंबईची वाट वाचली. भाषा मात्र बदलली नाही. माढ्याच्या न्यायालयात मराठीत सुरू झालेला दावा अपिलात वर गेला, की पक्षकार आपल्याच प्रकरणात परका होतो.

म्हणून आपल्याला दोन्ही भाषांतील लेखन पाहिजे, आणि हा विचार आपल्या चळवळीला नवा नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दक्षिणेतील महार परिषदेने लष्करात व सरकारी नोकरीत प्रवेश मिळावा म्हणून थेट भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज केला. ज्याच्या हाती निर्णय होता त्याला समजेल अशा भाषेत तो अर्ज होता. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आपले लेखी निवेदन इंग्रजीत मांडले, आणि पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' मराठीत सुरू केले. राज्यकर्त्यांना हिशेब विचारावयाचा तो इंग्रजीत, आणि आपल्या माणसांना जागे करावयाचे ते मराठीत, असे हे दुहेरी काम होते. दोन्हीकडे हत्यार एकच होते, आणि ते म्हणजे लेखणी.

आता शिकविण्याच्या पद्धतीकडे वळू. आपल्याकडे प्रौढाला अर्ज शिकवितात म्हणजे एक नमुना उतरवून घेतात. त्या नमुन्यात "आय बेग टू स्टेट" म्हणजे "मी याचनापूर्वक सांगतो" असा प्रारंभ असतो आणि "आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक" असा शेवट असतो. साहेबाच्या राज्यातील ही कारकुनी भाषा राज्य गेल्यावरही उरली. नागरिकाने आपला हक्क मागताना भीक मागण्याचे शब्द का वापरावे? "मी विनंती करतो" हे शब्द पुरेसे सभ्य आहेत. नमुन्याचा दुसरा दोष असा की, त्यात अर्जदाराची स्वतःची हकीकत कोठेच नसते. काय घडले, केव्हा घडले, कोणी केले, आणि मला काय हवे आहे, या चार प्रश्नांची उत्तरे ज्यात नाहीत तो अर्ज कितीही नम्र असला तरी व्यर्थ आहे.

मराठी माणसाला इंग्रजी लेखनात ज्या अडचणी येतात त्या शिक्षकाने नीट ओळखल्या पाहिजेत. आपण बोलतो तसे लिहितो, इंग्रजीत उच्चार एक आणि स्पेलिंग दुसरेच. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. "तहसीलदाराकडे" यातील "कडे" नामाच्या मागून येते, इंग्रजीत तसा शब्द नामाच्या आधी येतो. "ए" आणि "द" यांना मराठीत जोड नाही. "साहेब आले" हे आदरार्थी बहुवचन इंग्रजीत तसेच नेले, तर एका साहेबाचे अनेक साहेब होतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट कर्त्याची. मराठीत "बारा तारखेला अर्ज दिला" एवढे म्हटले तरी भागते. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो. "मी दिला" असेच लिहावे लागते. कचेऱ्या "कळविण्यात येते" असे लिहून कर्ता लपवितात. आपल्या विद्यार्थ्याने "मी बारा जूनला अर्ज दिला, आपण उत्तर दिलेले नाही" असे सरळ वाक्य लिहावयास शिकावे. त्यात व्याकरणही साधते आणि जबाबदारी कोणाची हेही स्पष्ट होते.

या चुका एकदम सुधारू नयेत. वही लाल शाईने भरली की प्रौढ माणूस दुसऱ्या दिवशी वर्गाला येत नाही. एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी, मजकूर पुन्हा लिहवून घ्यावा, आणि तिसऱ्या खेपेस तो स्वच्छ उतरवून घ्यावा. विषय मात्र विद्यार्थ्याच्या जीवनातील असावा. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा निबंध 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. तिचे वय अवघे चौदाच्या सुमाराचे होते, पण विषय होता आपल्या मांग-महारांचे दुःख. म्हणूनच आजही तो वाचला जातो. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेअरी यांनी १९६३ साली आंगिकोस येथे मजुरांना शिकविले तेही त्यांच्याच जीवनातील शब्द घेऊन. लहान मुलाजवळ वेळ असतो, पण सांगण्याजोगी हकीकत थोडी असते. प्रौढाजवळ हकीकत भरपूर असते. जमिनीचा वाद, मजुरीचा हिशेब, उजनीच्या पाण्याची पाळी, मुलीच्या दाखल्यातील चुकलेले नाव, हेच त्याचे धडे व्हावेत. प्रथम ती हकीकत त्याने मराठीत लिहावी, नंतर तीच लहान लहान वाक्यांत इंग्रजीत आणावी. शेवटी तारीख, सही, स्वतःजवळ ठेवावयाची प्रत आणि कचेरीची पोच, हेही लेखनाचेच अंग म्हणून शिकवावे.

काही जण म्हणतील की, आता मोबाईलच पाहिजे ते पत्र इंग्रजीत लिहून देतो, मग एवढा खटाटोप कशासाठी? यंत्राचे साहाय्य जरूर घ्यावे. परंतु यंत्राला तुमची हकीकत ठाऊक नसते. त्याने तारीख चुकविली, न केलेली कबुली घातली किंवा मागणी सौम्य केली, तर ती चूक ओळखणार कोण? सही तुमची आहे, परिणामही तुम्हांलाच भोगावयाचे आहेत. पूर्वी अर्जनवीस जे लिहील त्यावर विसंबावे लागे, आता यंत्र लिहील त्यावर. ज्याला स्वतः चार ओळी लिहिता येतात त्यालाच दुसऱ्याने लिहिलेले तपासता येते.

दुसरी हरकत वेळेची. दिवसभर उसाच्या फडात राबलेल्या माणसाने रात्री वही केव्हा उघडावी? ही अडचण खरी आहे, आणि ती सर्वांत अधिक स्त्रियांची आहे, कारण रात्रीचा स्वयंपाकही त्यांच्याच गळ्यात पडतो. परंतु जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती याच अडचणीवर उपाय म्हणून. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेथे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. शाळेची वेळ विद्यार्थ्याच्या सोयीने ठरवावी, हा त्यातील धडा आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दहा-बारांचा एक वर्ग, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. त्या दोन संध्याकाळी घरातील पुरुषांनी चूल सांभाळावी.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्यानंतरच्या पिढ्यांतून शिक्षक, कारकून, वकील, अभियंते झाले. आज माढा तालुक्यात अशी वस्ती विरळाच, जिथे एकही पदवीधर नाही. अशा प्रत्येक पदवीधराकडे माझे मागणे आहे. आपल्या वस्तीतील प्रौढांना आठवड्यातील दोन संध्याकाळी द्या. जागेसाठी अडू नका. विहार आहे, शाळेची ओसरी आहे. पुस्तकासाठीही अडू नका. विद्यार्थ्यांच्या घरी आलेले इंग्रजी कागद गोळा करा, ते एकत्र वाचा, आणि प्रत्येकाचे उत्तर ज्याचे त्याच्याकडून लिहवून घ्या. आणि ज्यांना शिकावयाचे आहे त्या बंधुभगिनींना एवढेच सांगणे की, इंग्रजी बोलताना अडखळलात तर लाजू नका, परंतु न समजलेल्या कागदावर यापुढे सही करू नका.