भागीदारी : भरवसा असला तरी लिहून ठेवा

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात लहानथोरांच्या तोंडी असते. लोखंडी सळयांचे कारखाने, बियाणे आणि मोसंबी यांनी शहराला नाव दिले. या मोठ्या उद्योगांच्या आजूबाजूला भंगार, फॅब्रिकेशन, गॅरेज, बेकरी, फळांचा व्यापार असे असंख्य छोटे धंदे चालतात. त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. यांतले अनेक धंदे दोघा-तिघांचे असतात. एकाचे पैसे, दुसऱ्याची मेहनत. कागद मात्र नसतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते : “जबान दी है, काफी है.”

जबान पाळणारा माणूस मोठाच. पण भांडण माणसाच्या नियतीमुळेच होते असे नाही. पाच वर्षांपूर्वी काय ठरले होते, ते दोघांना वेगवेगळे आठवते. दोघेही खरे बोलत असतात आणि तरी घरे तुटतात. शाळेत एकाच बाकावर बसणारी चुलत भावंडे अचानक बोलेनाशी होतात, तेव्हा आम्हा शिक्षकांना कळते की दुकानाची वाटणी झाली.

आपल्याकडे भागीदारीसाठी १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा आहे. तो तोंडी भागीदारीही मान्य करतो. अडचण पुढे येते. काय ठरले होते हे सिद्ध करता आले नाही, तर कायदा आपला नियम लावतो : नफा सारखा, तोटाही सारखा. इथेच आपल्या लोकांची फसगत होते. फिकहमधील मुदारबतच्या नियमाने एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असेल, तर मेहनत करणाऱ्याचा हलगर्जीपणा नसताना झालेला पैशाचा तोटा भांडवल देणाऱ्याचा असतो. मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते, तोच त्याचा तोटा. आपण मनात हा नियम धरून धंदा करतो. पण कागद नसेल तर कोर्टात कलम १३ पुढे येते आणि फक्त घाम गाळणाऱ्याच्या माथी अर्धा तोटा बसू शकतो. गंमत अशी, की कलम १३ भागीदारांच्या कराराला अधीन आहे. म्हणजे शरीअतप्रमाणे तोट्याची वाटणी करायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त तसे लिहायला हवे.

बाहेरच्या देणेकऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा. कलम २५ प्रमाणे धंद्याच्या कर्जाला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकटाही जबाबदार असतो. व्यापारी पूर्ण रक्कम एकाकडूनच मागू शकतो. मग त्या एकाने दुसऱ्याकडून वसूल करायचे, आणि त्या वेळी पुन्हा कागदच लागतो.

नोंदणीचेही तसेच. भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंदणी करणे सक्तीचे नाही. पण कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून येणारी उधारी वसूल करण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. लोक मात्र आपल्यावर दावा लावू शकतात. महाराष्ट्राने १९८४ मध्ये या कलमात आणखी कडक दुरुस्ती केली होती. नोंदणी नसेल तर फर्म मोडण्यासाठी किंवा हिशेब मागण्यासाठीही भागीदाराला कोर्टाचे दार बंद झाले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे आज हिशेबाचा दावा करता येतो. पण दार उघडे असणे आणि हातात पुरावा असणे या दोन गोष्टी आहेत.

सर्वांत मोठा अन्याय मृत्यूनंतर होतो. दोघांच्या फर्ममधला एक भागीदार गेला की भागीदारी संपते. कायद्याने त्याचा हिस्सा वारसांना मिळायला हवा. हिशेब न मिटवता दुसऱ्याने त्याच मालमत्तेवर धंदा चालू ठेवला, तर कलम ३७ प्रमाणे वारसांना त्या काळातील नफ्याचा हिस्सा किंवा सहा टक्के व्याज यांतून निवड करता येते. ज्याला व्याज नको, त्याने नफा मागावा. कायद्यातच सोय आहे. पण विधवेला हिस्सा किती होता हेच माहीत नसते. मुले असतील तर बायकोचा आठवा हिस्सा, मुलींचा हिस्सा हे आपण वाझमध्ये ऐकतो. ज्या रकमेचा आठवा भाग काढायचा, ती रक्कमच कुठे लिहिलेली नसेल तर वाटणार काय?

कोणी म्हणेल, भावासमोर कागद ठेवणे म्हणजे संशय घेणे. मग निकाहनाम्याचे काय? तिथे मेहर लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. दोन्ही घरांचा एकमेकांवर पूर्ण भरवसा असतो, तरीही लिहितो. पवित्र कुरआनमधील सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, अशी तिची शिकवण आहे. आणि भाषेचा शिक्षक म्हणून एक सांगतो : हिशेब, जमा, बाकी, वसूल, करार, तारीख हे मराठी व्यवहारातले शब्द अरबीतून आलेले आहेत. हे शब्द रोज वापरणाऱ्या समाजाने लिहिण्याला परके मानावे, हे पटत नाही.

खर्चाची आणि कराची भीतीही लोक बोलून दाखवतात. ती अगदीच खोटी नाही. पण एका भांडणात जे जाते त्यापुढे वकिलाची फी आणि स्टॅम्प पेपरचा खर्च किरकोळ आहे. मजकूर फार लागत नाही. भांडवल कोणाचे किती, नफा-तोटा कोणत्या प्रमाणात, महिन्याला कोण किती उचलणार, बँकेत सही कोणाची, कोणी वेगळा झाला किंवा वारला तर हिस्सा कसा मोजायचा, वाद झाला तर मध्यस्थ कोण. सह्या आणि दोन साक्षीदार.

आपल्या जमातींनी एवढे तरी करावे. वकिलाकडून एक नमुना करारनामा उर्दू आणि मराठीत तयार करून मशिदीच्या कार्यालयात ठेवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो वाचून दाखवायला आम्ही शिक्षक आहोतच. आणि घरी गेल्यावर त्याची एक प्रत बायकोच्या हातात द्यावी. उद्या हिशेब मागायची वेळ आली, तर तो तिलाच मागावा लागणार आहे.